कुंडीखालचे मीटर

वाचकाचे पत्र (थोडक्यात, ओळख न देता): दक्षिण महाराष्ट्रातल्या एका शहरात आमचे सत्तावीस वर्षांपूर्वी बांधलेले दुमजली घर आहे. खाली मी, माझे निवृत्त यजमान आणि सासूबाई राहतो. वर वर्षभरापूर्वी एक तरुण जोडपे भाड्याने राहायला आले. नळाला रोज सकाळी दोन तास पाणी येते. ते अंगणातल्या जमिनीखालच्या टाकीत साठते आणि मोटरने गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत चढते. पाण्याचे बिल दोन महिन्यांनी येते. आम्ही तिघे होतो तेव्हा ते 24 युनिटच्या आसपास असे. भाडेकरू आल्यावर 33 झाले आणि ओळीने चार बिले 33 युनिटचीच आली. या वेळी मात्र 91 युनिटचे बिल आले आहे. मागील वाचन 1412 आणि चालू वाचन 1503 असे त्यावर छापले आहे. भाडेकरू जोडप्यातली मुलगी बाळंतपणाहून तान्हे बाळ घेऊन परतली ती नेमकी याच दोन महिन्यांत, त्यामुळे दुपट्यांच्या धुण्यातच पाणी जाते असे सासूबाईंचे ठाम मत आहे. यजमान म्हणतात की मीटर हवेवर फिरते. पुण्याचा मुलगा म्हणतो, भरून टाका आणि विषय संपवा. मोटर आम्ही पूर्वीप्रमाणे दिवसातून एकदाच लावतो आणि विजेचे बिलही नेहमीइतकेच आले आहे. भाडेकरूंकडून निम्मे पैसे मागावेत, की त्यांना दुसरी जागा पाहायला सांगावे? मीटर फाटकाजवळच्या खड्ड्यात आहे. त्यावर फरशी आहे आणि फरशीवर जास्वंदीची मोठी कुंडी. ती कित्येक वर्षांत हलवलेली नाही.

ताई,

तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्य मी दोनदा वाचले. घरातल्या प्रत्येकाचे या बिलाविषयी एक मत आहे, आणि ज्या वस्तूवरून हे बिल निघाले ती वस्तू मात्र घरातल्या कोणीही कित्येक वर्षांत पाहिलेली नाही. हा दोष मी तुमच्या एकट्या घराचा मानत नाही. गॅसचा सिलिंडर किती दिवस पुरला याचा आपण बारकाईने हिशेब ठेवतो, दूधवाल्याच्या खाड्यांवर खुणा करतो, परंतु पाण्याचे मीटर ही नगरपालिकेची वस्तू आहे आणि ते वाचायला नगरपालिकेचा माणूस येतो, अशीच आपली समजूत असते. तुमचा प्रश्न भाडेकरूंविषयी असला तरी त्याचे उत्तर कुंडीखाली आहे, म्हणून मला आधी मीटरविषयी आणि मग भाडेकरूंविषयी लिहावे लागणार आहे.

प्रथम दुपट्यांचा हिशेब करू. पाण्याचे एक युनिट म्हणजे एक घनमीटर, अर्थात 1000 लिटर. 33 युनिटांवरून 91 झाले म्हणजे 58 युनिट वाढले, ते 58 हजार लिटर झाले. साठ दिवसांनी भागले तर रोजचे 960 लिटरांहून अधिक होतात. आपली मोठी बादली वीस लिटरची धरली, तर ही वाढ दिवसाला 48 बादल्यांची आहे. बाळाची दुपटी, लंगोट, झबली आणि आईचे जादा कपडे हे सगळे मिळूनही एका घरात रोज 48 बादल्या पाणी वाढत नाही. तीन-चार बादल्या वाढतील, फार तर पाच. बाळ आले आणि बिल वाढले हा कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडावी असा प्रकार आहे. सासूबाईंना ते खरे वाटावे हे स्वाभाविक आहे, कारण डोळ्यांना दिसलेला बदल तेवढा एकच होता.

याहून महत्त्वाची गोष्ट तुम्ही स्वतःच, बहुधा सहज, लिहून गेला आहात. वरच्या मजल्यावर जाणारा प्रत्येक थेंब गच्चीवरच्या टाकीतून जातो आणि त्या टाकीत पाणी केवळ मोटरनेच चढते. मोटर दिवसातून एकदाच लागते, विजेचे बिल वाढलेले नाही आणि टाकी हजार लिटरची आहे. याचा अर्थ तळमजला आणि वरचा मजला मिळून दिवसाला हजार लिटरांहून अधिक पाणी वापरूच शकत नाहीत. 91 युनिटांचा रोजचा हिशेब मात्र 1500 लिटरांच्या वर जातो. जे पाणी गच्चीवर गेलेच नाही ते भाडेकरूंनी वापरले असे म्हणता येणार नाही. तेव्हा निम्मे पैसे मागण्याचा आणि जागा सोडायला सांगण्याचा, असे दोन्ही विचार तूर्त बाजूला ठेवा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. अंगावर पिणारे मूल असलेल्या आईला चुकीच्या संशयावरून घर शोधायला लावणे ही नंतर भरून न निघणारी गोष्ट होईल.

मग हे पाणी गेले कुठे? मला दोन शक्यता दिसतात आणि त्यांचे उपाय अगदी वेगवेगळे आहेत.

पहिली शक्यता अशी की पाणी गेलेच नाही. ओळीने चार बिले अगदी 33 युनिटची आली, हे तुम्ही स्थिरतेचे लक्षण मानता. मला तीच गोष्ट खटकते. उन्हाळ्यात आपण जास्त पाणी वापरतो आणि पावसाळ्यात कमी, सणावाराला पाहुणे येतात, कधी आपण चार दिवस गावाला जातो. कोणत्याही घराचा वापर चार वेळा तंतोतंत सारखा निघत नाही. मीटर वाचता आले नाही, घर बंद होते, किंवा तुमच्याकडे आहे तशी मीटरवर जड वस्तू होती, तर अनेक ठिकाणी मागच्या वापराच्या सरासरीने बिल काढले जाते. पहिले 33 खरे आणि पुढची तीन बिले सरासरीची, असे झाले असेल, तर या वेळी कोणीतरी कुंडी बाजूला सारून खरे वाचन घेतले असणार आणि मागच्या सहा महिन्यांची सगळी तूट या एकाच बिलात आली असणार. तसे असेल तर ती तीन बिले आणि हे एक मिळून आठ महिन्यांत 190 युनिट होतात, म्हणजे दिवसाला सुमारे 790 लिटर. पाच मोठी माणसे आणि एक तान्हे बाळ यांना हा वापर गैर म्हणता येणार नाही. भुयारी गटारे असलेल्या शहरांसाठी केंद्र सरकारच्या पाणीपुरवठ्याच्या नियमावलीत माणशी दररोज 135 लिटर धरले आहेत. तुम्ही त्याच्या थोडे वर आहात, इतकेच. 790 लिटर हे हजार लिटरच्या टाकीत आणि एका वेळच्या मोटरमध्ये बसणारेही आहे.

दुसरी शक्यता अशी की 1412 हे वाचन खरे होते आणि या दोन महिन्यांत खरोखरच 91 हजार लिटर पाणी मीटरमधून गेले. या शक्यतेतही एक आकडा फार बोलका आहे. रोजचे 1500 लिटर पाण्याच्या दोन तासांत विभागले, तर मिनिटाला साडेबारा लिटर पडतात. अर्ध्या इंचाचा नळ पूर्ण उघडा सोडला तर पाणी साधारण इतकेच येते. म्हणजे हे वाचन खरे असेल, तर तुमची जोडणी रोज दोन्ही तास पूर्ण उघडी वाहत होती, मध्ये कधी थांबलीच नाही. एरवी जमिनीखालची टाकी भरली की बॉलकॉक वर येतो आणि पाणी बंद होते. तो अडकला, त्याचा गोळा तुटला किंवा त्याच्या आतला रबरी वॉशर झिजला, तर टाकी भरल्यावरही पाणी येत राहते आणि जादा पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपातून निघून जाते. जुन्या घरांत हा पाइप बरेचदा सरळ गटाराच्या चेंबरमध्ये सोडलेला असतो, त्यामुळे अंगण कोरडे राहते आणि पाणी जमिनीखालून वाहून जाते. माझा पहिला संशय बॉलकॉकवर आहे, पण तो संशयच आहे. खात्री मीटर वाचूनच होईल.

आता मीटर कसे वाचायचे ते सविस्तर लिहिते, कारण हे पत्र अशा अनेक घरांत वाचले जाईल जिथे झाकण उघडले तरी काय पाहायचे ते ठाऊक नसते.

झाकण उघडताना हात घालण्याआधी विजेरीचा उजेड टाका. अशा खड्ड्यांत विंचू आणि गोमी असतात. काच ओल्या फडक्याने पुसा. आत एका ओळीत आकड्यांची चक्रे दिसतील. काळे आकडे हे पूर्ण घनमीटर, म्हणजेच बिलावरचे युनिट, आणि बिल त्यांवरूनच निघते. पुढचे लाल आकडे, किंवा काही मीटरांत छोट्या तबकड्यांवर फिरणारे लाल काटे, हे घनमीटरचे भाग दाखवतात. त्यांपैकी पहिला शेकड्यातले लिटर सांगतो, दुसरा दहाच्या पटीतले आणि तिसरा एकेक लिटर. काळे आकडे 01503 आणि लाल 246 असतील, तर ते वाचन 1503 युनिट आणि 246 लिटर असे झाले. तबकडीवर कुठेतरी एक लहानशी चांदणी किंवा त्रिकोणी चकती असते. पाण्याची अगदी बारीक धार गेली तरी ती फिरते. घरातले सगळे नळ आणि टाकीत पडणारी धार बंद असताना ही चकती फिरत असेल, तर पाणी कुठेतरी जात आहे. गळती शोधण्याचे याहून सोपे साधन घरात दुसरे नाही. यात मीटरचे सील किंवा जोड यांना हात लागत नाही, म्हणून मीटर आपले नाही, नगरपालिकेचे आहे, ही भीतीही आड येणार नाही.

वाचन नेमके केव्हा घ्यायचे, हे आपल्याकडे विशेष महत्त्वाचे आहे. चोवीस तास पाणी असलेल्या शहरांसाठी असे सांगतात की रात्री झोपताना आकडा लिहावा, सकाळी पुन्हा पाहावा आणि फरक दिसला तर गळती आहे असे समजावे. तुमच्या नळाला रात्री पाणीच नसते, त्यामुळे ही परीक्षा तुमच्या घरी निरुपयोगी ठरेल आणि फुकटचे समाधान देऊन जाईल. तुम्ही वाचन सकाळी पाणी गेल्यावर घ्या, म्हणजे जमिनीखालची टाकी प्रत्येक वेळी सारखीच भरलेली असेल आणि दोन वाचनांची तुलना खरी होईल. आठवड्याचा एक वार ठरवा. एका वहीत तारीख, वाचन आणि शेजारी एखादा शब्द, जसे ‘पाहुणे चार’, ‘गोधड्या धुतल्या’, ‘दोन दिवस पाणी नाही’, इतके लिहिले की पुरे.

या रविवारी एक वाचन घ्या आणि पुढच्या रविवारी दुसरे. फरक साडेपाच युनिटच्या आसपास आला, तर पहिली शक्यता खरी: घरात गळती नाही, मागची तूट एकदम अंगावर आली आहे. फरक दहा युनिटच्या वर गेला, तर पाणी आजही वाहत आहे आणि बॉलकॉकपासून तपास सुरू करायचा आहे. फरक याहून वेगळा, समजा तीन-चार युनिटच निघाला, तरी पुढच्या तक्रारीसाठी तोच तुमचा सर्वांत भक्कम पुरावा ठरेल.

तपास करावा लागलाच तर तो मीटरपासून गच्चीकडे, पाण्याच्या वाटेने करा. सकाळी पाणी आल्यावर टाकीचे झाकण उघडून पाहा. पाणी ओव्हरफ्लोच्या तोंडापर्यंत चढते का, आणि बॉलकॉक हाताने वर धरल्यावर धार पूर्ण थांबते का? तो वर धरलेला असताना दुसऱ्या कोणीतरी मीटरवरच्या चकतीकडे लक्ष ठेवावे. धार थांबली आणि अंगणातला नळही बंद असला तरी चकती फिरतच राहिली, तर मीटर आणि टाकी यांच्यामधला जमिनीतला पाइप फुटला आहे. सत्तावीस वर्षांच्या लोखंडी पाइपाच्या बाबतीत हे अशक्य नाही. त्यानंतर टाकीची पाळी. रात्री सगळे आटोपल्यावर टाकीच्या आतल्या भिंतीवर पाण्याच्या पातळीशी खडूने रेघ ओढा, मोटर लावू नका आणि पहाटे पाणी येण्यापूर्वी पुन्हा पाहा. टाकी सहा फूट लांब आणि पाच फूट रुंद असेल, तर पातळी एक इंच उतरणे म्हणजे सुमारे 70 लिटर पाणी जमिनीत मुरणे. गच्चीवरच्या टाकीचीही रात्रीची आणि पहाटेची पातळी अशीच मोजून ठेवा. तिथे एक सेंटीमीटर उतरणे म्हणजे आठ-नऊ लिटर.

संडासातल्या फ्लशच्या टाकीची गळती तर कानालाही कळत नाही. तिच्यात कपड्यांच्या निळीचे चार थेंब टाका आणि अर्धा तास कोणी फ्लश करू नका. भांड्यात निळसर पाणी उतरले, तर आतला वॉशर गेला आहे. पाच मिनिटांत एक तांब्या भरेल इतकी बारीक धार महिन्याला आठ हजार लिटरांहून अधिक पाणी नेते. तुमची मोटर वाढलेली नसल्यामुळे ही शक्यता तुमच्या घरी दुय्यम आहे, परंतु ज्या वाचकांचे पाण्याचे आणि विजेचे बिल बरोबरीने वाढले आहे, त्यांनी सुरुवात इथूनच करावी.

मला हे आग्रहाने लिहावेसे वाटते याला माझ्या घरचा एक अनुभव कारण आहे. आमच्या फाटकाजवळ, मोरीपासून बरेच दूर, अळू लावले होते. एका वर्षी ऐन वैशाखात त्याची पाने सुपाएवढी झाली. येणारे-जाणारे कौतुक करत आणि आम्ही शेजाऱ्यांना वड्यांसाठी पाने वाटत होतो. त्याच सुमारास वहीतले आठवड्याचे आकडे चारावरून सहाकडे गेले होते. दोन रविवार मी ते उन्हाळ्याच्या नावावर सोडून दिले. तिसऱ्या रविवारी बॉलकॉक वर धरला तरी चकती हळूहळू फिरत होती. अळूच्या मुळाशी हातभर खणल्यावर पाइपाला बोटाच्या पेराएवढे छिद्र सापडले आणि त्याच्या भोवतीची माती काळी पडून तिला गटाराचा वास येत होता.

तो वास मी विसरू शकत नाही, कारण आपल्याकडे गळती हा केवळ पैशांचा प्रश्न नसतो. नळाला दोन तास पाणी असते तेव्हा छिद्रातून पाणी बाहेर पडते. उरलेले बावीस तास पाइप रिकामा असतो, आणि त्याच छिद्रातून भोवतीची घाण आत शिरते. दुसऱ्या दिवशी पाणी आले की ती प्रथम आपल्याच टाकीत पोहोचते. इचलकरंजीत 2012 साली आलेली काविळीची मोठी साथ पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळल्यामुळेच पसरली होती. तुमच्या घरात वृद्ध सासूबाई आहेत आणि तान्हे बाळ आहे. जमिनीतला पाइप फुटलेला निघाला, तर दुरुस्ती होईपर्यंत पिण्याचे पाणी उकळून घ्या आणि दुरुस्तीनंतर टाकी धुऊन घ्या. बॉलकॉकचा दोष निघाला तर निराळे, पण ओव्हरफ्लोचा पाइप गटाराच्या चेंबरमधून तेवढा बाहेर काढून घ्या. गटार तुंबले की ते पाणी उलटे याच वाटेने टाकीत येते. शिवाय पाइप उघड्यावर आला की पुढच्या वेळी वाहणारे पाणी डोळ्यांना दिसेल.

यजमानांचे म्हणणे मी उडवून लावणार नाही. पाणी ठरावीक वेळीच सुटते तेव्हा पाइपांत भरलेली हवा पाण्यापुढे ढकलली जाते, आणि ती मीटरमधून जाताना मीटर फिरते, हे खरे आहे. पाणी येण्याच्या पहिल्या पाच मिनिटांत मीटरजवळ उभे राहून हे पाहता येईल. परंतु ही हवा पूर्वीही येत होती. पाण्याच्या वेळांत किंवा दिवसांत मध्यंतरी बदल झाला नसेल, तर एवढी मोठी वाढ हवेने होणार नाही. मीटर स्वतःच बिघडून जास्त दाखवत असेल, असेही कोणाला वाटेल. जुने यांत्रिक मीटर झिजले की ते बहुधा कमी दाखवू लागते. तरीही पडताळा घरी घेता येतो. पाणी चालू असताना बॉलकॉक बांधून ठेवा, अंगणातल्या नळावर वीस लिटरच्या पाच बादल्या भरा आणि आधीचे व नंतरचे वाचन पाहा. शंभर लिटरांना दोन-चार लिटर इकडेतिकडे झाले तर ते बादल्यांच्या मापातले आहे. शंभराचे सव्वाशे किंवा दीडशे दिसले, तर मीटर तपासणीसाठी पाणीपुरवठा विभागाकडे लेखी अर्ज करा.

मुलाचा सल्ला मायेतून आलेला आहे, पण ‘भरून टाका’ म्हटल्याने विषय संपणार नाही. पाणी आजही वाहत असेल, तर पुढचे बिलही असेच येईल. बिलाची मुदत मात्र चुकवू नका. मुदतीपूर्वी पाणीपुरवठा विभागात जाऊन मागील वाचन प्रत्यक्ष घेतलेले होते की सरासरीने पुढे नेलेले, हे नोंदीवरून विचारा. बिलावर मीटरच्या स्थितीचा एक रकाना असतो, तोही पाहा. सरासरीचे निघाले, तर सगळे युनिट ज्या-त्या महिन्यांत विभागून आकारणी करावी, असा लेखी अर्ज द्या. ज्या शहरांत वापर वाढेल तसा प्रत्येक युनिटचा दर चढत जातो, तिथे सहा महिन्यांची तूट एकाच बिलात आल्याने रक्कम विनाकारण फुगते. गळती निघाली, तर मीटरच्या पुढचा पाइप आणि टाकी बहुतेक ठिकाणी घरमालकाचीच जबाबदारी असते. तरीही दुरुस्तीची पावती आणि दुरुस्तीनंतरची वाचने जोडून हप्ते किंवा सवलत मिळेल का, हे जरूर विचारा. अर्जासोबत तारखेसह घेतलेले मीटरचे छायाचित्र लावा आणि अर्जाची पोच घ्या.

दर आठवड्याला मीटर वाचणारे घर आणि न वाचणारे घर यांत काय फरक पडतो, ते तुमच्याच आकड्यांत दिसते. तुमच्या नेहमीच्या बिलाप्रमाणे आठवड्याला चारच्या आत युनिट होतात. बॉलकॉक बिघडला असेल, तर पहिल्याच रविवारी ते दहाच्या वर दिसले असते. सात युनिटच्या नुकसानीवर प्लंबरला बोलावता आले असते, आणि इथे 58 युनिट जाईपर्यंत कोणालाच कळले नाही. बिल सांगते ते दोन महिन्यांनी सांगते, आणि तोवर गळती शोधण्याऐवजी दोष द्यायला माणूस शोधणे सुरू झालेले असते.

सोसायटीत राहणाऱ्या वाचकांना वाटेल की आमचे मीटर सगळ्यांचे मिळून एकच आहे, आम्ही काय वाचणार? सचिवांना किंवा रखवालदाराला सांगून रोजचे वाचन जिन्याखालच्या फळ्यावर लिहून घ्या. ज्या सोसायटीत टँकर मागवावे लागतात तिथे तर हे अधिकच गरजेचे आहे, कारण नगरपालिकेचे किती पाणी आले आणि टँकरचे किती, हे वेगळे कळल्याशिवाय कोणती टाकी गळते ते कळत नाही. कऱ्हाडजवळच्या मलकापूरने चोवीस तास पाण्याची योजना राबवली, तीही घरोघरच्या मीटरच्या आधारानेच. गोव्यात 2021 साली महिन्याला 16 हजार लिटरपर्यंतचे पाणी मोफत देण्याची योजना आली, तेव्हा आपले घर त्या मर्यादेत आहे की नाही हे ज्यांना मीटर वाचता येत होते त्यांनाच महिना संपण्यापूर्वी कळत होते.

राहिला भाडेकरूंचा प्रश्न. वरच्या मजल्याला वेगळे छोटे मीटर बसवावे, असे तुम्हाला कोणीतरी सुचवेल. तसे करता येते, आणि दोन्ही कुटुंबांना ते मनापासून हवे असेल तर पुढे कधीतरी कराही. मात्र आत्ता, या बिलानंतर लगेच बसवले, तर ते मीटर पाणी मोजण्यापेक्षा संशयाची खूण म्हणूनच भिंतीवर राहील. त्याआधी हिशेब उघडा करा. वही जिन्याच्या तोंडाशी खिळ्याला अडकवा, म्हणजे वर जाणाऱ्यांनाही ती दिसेल. बिल कसे वाटायचे ते गळतीचे पाणी वजा करून, माणसांच्या संख्येप्रमाणे ठरवा आणि ते त्या दोघांच्या समोर बसून ठरवा. सासूबाईंनी त्या मुलीला धुण्यावरून काही बोलून दाखवले असेल, तर वहीतले आकडे आधी सासूबाईंना दाखवा. 48 बादल्यांचा हिशेब त्यांना लगेच पटेल, कारण आयुष्यभर बादल्या त्यांनीच उचललेल्या आहेत.

जास्वंदीची ती कुंडी मातीसकट बरीच जड असणार, तुम्हा दोघांना ती हलणार नाही. रविवारी सकाळी पाणी गेले की वरच्या मजल्यावरच्या त्या मुलाला हाक मारा, दोघांनी मिळून ती फाटकाच्या दुसऱ्या बाजूला, उन्हात ठेवा, आणि फरशी उचलल्यावर पहिला आकडा त्यालाच वाचायला सांगा.